आधी उतरायला शीक

बाई,

आज सकाळी जिन्याच्या पायरीवर उभी राहून टाचा वर-खाली करत होते. पंचवीस करायच्या असतात, पण विसाव्या वेळेला उजवा गुडघा करकरला आणि मी थांबले. तुम्ही असतात तर म्हणाल्या असतात, थांबलीस ते बरं केलंस, आता दोन दिवस टाचा बंद. हे वाक्य मी मनात तुमच्या आवाजात ऐकलं, आणि मग लक्षात आलं की तुमचा आवाज मला आता नीट आठवत नाही. शब्द आठवतात, आवाज नाही. तुम्ही आमच्या शाळेत आलात तेव्हा होतात त्यापेक्षा मी आज वयाने मोठी आहे. पन्नाशी ओलांडली. रविवारी सकाळी अंबरनाथ पश्चिमेला आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर दहा-बारा मुलंमुली येतात, त्यांना मी उड्या मारायला शिकवते. ते त्याला पार्कूर म्हणतात. मोबाइलवर बघून येतात, कोणीतरी परदेशात एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर झेप घेतो ते. पहिल्या दिवशी सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, ती झेप कधी शिकवणार. मी त्यांना एका पायरीवर उभं करते आणि म्हणते, खाली उतरा. ते उतरतात. मी म्हणते, आवाज आला, परत. महिनाभर हेच चालतं, त्यात निम्मे गळतात. जे राहतात त्यांना मी पुढचं शिकवते. हे तुमचंच आहे सगळं, बाई, अगदी त्या पहिल्या महिन्यासकट.

मी सातवीत होते, ऐंशीच्या दशकाची पहिली काही वर्षं उलटली होती. आमच्या शाळेचं मैदान म्हणजे अर्ध्या भागात नव्या वर्गांसाठी टाकलेल्या विटा, रेती आणि खडी, आणि उरलेल्या अर्ध्यात मुलांचं क्रिकेट. पी.टी.च्या तासाला मुलींनी वऱ्हांड्यात बसून पाढे म्हणायचे असा रिवाज होता. तुम्ही नव्याने आलात ते गोल साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट अशा. आम्ही हसलो होतो, साडीवर बूट बघून. पहिला आठवडाभर तुम्ही काही शिकवलं नाही, नुसत्या शाळेभोवती फिरत होतात. हाताने भिंत चाचपून बघत होतात, पायरीच्या कडेवर बूट घासत होतात, संडासाच्या मागचा लोखंडी पाइप दोन्ही हातांनी धरून हलवून बघत होतात. आम्हाला वाटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. मग सोमवारी तुम्ही आम्हाला वऱ्हांड्यातून उठवलंत आणि म्हणालात, "मैदान नाही म्हणून रडायचं नाही. भिंत आहे, पायऱ्या आहेत, पाइप आहे. तेवढं पुरे."

तुम्ही मोरिवलीच्या. तुमच्या वडिलांची भातशेती जिथे होती तिथे आता कारखान्याची शेड आहे, हे तुम्हीच कधीतरी सांगितलं होतं, सांगताना चेहऱ्यावर काही न आणता. लहानपणी चिंचेवर, आंब्यावर चढून तुम्ही शिकलात. भावांच्या आधी चढायचात आणि भावांच्या नंतर उतरायचात, कारण उतरायचं कसं ते कोणी सांगितलं नव्हतं. दोनदा पडलात. म्हणून आमच्याकडून पहिला सबंध महिना तुम्ही फक्त उतरणं करून घेतलंत. एका पायरीवरून. टाच आधी टेकायची नाही, चवड्यावर यायचं, मग गुडघे आपोआप दुमडू द्यायचे, पण ते आत एकमेकांकडे वळता कामा नयेत. तुम्ही आमच्याकडे पाठ करून डोळे मिटून उभ्या राहायचात, आम्ही एकेक उतरायचो आणि तुम्ही न बघता सांगायचात, "ही टाचेवर आली. हिचा डावा पाय उशिरा आला. ही बरी." मला वाटायचं तुम्हाला पाठीला डोळे आहेत. नंतर कळलं की नीट उतरलेल्या माणसाचा आवाज येतच नाही, आणि जिथे आवाज आहे तिथे कुठल्यातरी सांध्याने मार खाल्लेला असतो. आता मीही मुलांकडे पाठ करून उभी राहते. ती मुलंही माझ्याकडे तशीच बघत असणार.

मग रेतीच्या ढिगावर कोलांटी. सरळ डोक्यावरून नाही, ती तुम्ही कोणाला करूच दिली नाहीत. एका खांद्यावरून सुरू करून दुसऱ्या बाजूच्या कमरेवर संपवायची, तिरकी, म्हणजे मणका जमिनीला लागत नाही. रेतीवर जमली की गवतावर, गवतावर जमली की सतरंजीवर. मग चार पायांवर चालणं, पुढे, मागे, पायऱ्या चढत. मग पाइपाला नुसतं लटकणं, हात सुटेपर्यंत नाही, सुटायच्या आधी. "सुटायच्या आधी सोड," असं तुम्ही म्हणायचात. आणि खडूने जमिनीवर दोन रेघा मारून एकीवरून दुसरीवर उडी, दोन्ही पाय रेघेवर, पुढे झोक जायला नको. तीच उडी पंचवीस वेळा सारखी आली तरच मग विटेवरून विटेवर. अंतर वाढवायचं असेल तर उंची तीच ठेवायची, उंची वाढवायची असेल तर अंतर कमी करायचं, दोन्ही एकदम वाढवायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम, "अजून एकच" असं जी म्हणेल तिला तुम्ही त्याच क्षणी बसवायचात. पडणारा माणूस त्या शेवटच्या एका उडीलाच पडतो, असं तुमचं म्हणणं. इतक्या वर्षांत मी ते खोटं ठरलेलं पाहिलेलं नाही.

आम्ही काय खाऊन येतो ते तुम्ही रोज विचारायचात. चहा-खारी खाऊन आले म्हणणाऱ्या मुलीला तुम्ही फक्त लटकायला द्यायचात, उडी नाही. भिजवलेले चणे, शेंगदाणे-गूळ, उकडलेलं अंडं, एवढंच तुमचं आहारशास्त्र. पाळीबद्दल तर तुम्ही भर वर्गात विचारलं होतं, जसं कोणी पेन्सिल आहे का विचारावं. कोणाला त्रास होत असेल तर सांगायचं, लाजायचं नाही, त्या दिवशी ताणाचे व्यायाम करायचे आणि बसून दुसऱ्यांचं बघायचं. बसून बघणं हाही सराव, असं तुम्ही मानायचात. नडगी दुखायला लागली की आठवडाभर उडी बंद, रडलं तरी बंद. तेव्हा मला तो जुलूम वाटायचा.

तुम्ही बुवापाड्यात आमच्या खोलीवर आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. आईने परवानगी दिली नव्हती. पोरीच्या जातीला भिंतीवर चढून काय करायचंय, हातपाय मोडले तर पुढे कोण विचारील, असं तिचं चाललं होतं. माझे बाबा कारखान्यातून पहिली पाळी करून नुकतेच आले होते आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून पाय चोळत होते. आई स्टोव्हपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापते आहे. तुम्ही दारातून आत येता, खुर्ची नको म्हणता आणि सरळ तिच्यासमोर जमिनीवर बसता. आई चहा विचारायला कचरते आहे, ते मला दिसतं आहे. गावातली, जमीनवाली बाई आपल्या घरचं घेईल की नाही, हे तिच्या मनात असणार. तुम्ही म्हणालात, "चहा नको, जेवायची वेळ आहे. बोंबलाचा वास बाहेरपर्यंत आलाय." आईने मग ताट वाढलं. तुम्ही दोन भाकऱ्या खाल्ल्यात आणि तिसरी अर्धी मागून घेतलीत. आणि मग ताट एका हातात धरून, दुसरा हात कुठेही न टेकता, जमिनीवरून उभ्या राहिलात.

आई बघतच राहिली. म्हणाली, हे कसं केलंत. तुम्ही म्हणालात, करून बघा. आईने पीठ लागलेले हात वर धरले, अर्धी उठली आणि परत बसली, आणि हसायला लागली. बाबाही हसले. माझी आई हसताना मी तोवर फार थोड्या वेळा पाहिली होती. तुम्ही तिला सांगितलंत, रोज एकदा करा, महिन्यात जमेल. आणि मग, जाताजाता, "हिला मी चढायला नाही, उतरायला शिकवते. मुलीला आयुष्यात कुठून कुठून उतरावं लागेल, कोणाला ठाऊक." बाबा म्हणाले, "शिकू द्या." आईने पुढची भाकरी थापायला घेतली. पण दुसऱ्या दिवशी तिने माझ्या स्कर्टाच्या आत घालायला एक जुना लेंगा आटवून दिला, आणि महिन्याभराने कोणी नाही असं बघून ती खोलीत उठबस करताना मला दिसली.

आठवीत जाईपर्यंत मी तुमची सगळ्यात चांगली मुलगी झाले होते. हे मी गर्वाने म्हणत नाही, तो गर्व केव्हाच गेला. कुंपणाची भिंत मी दोन पावलांत चढायचे, वरून चालत जायचे, कडेला हातांनी लटकून आवाज न करता खाली यायचे. भिंतीवर उभं राहिलं की पलीकडे कारखान्यांची धुराडी आणि मागे मलंगगडाचे डोंगर दिसायचे, आणि मला वाटायचं, हे सगळं माझ्या पायांच्या आवाक्यात आहे. तुम्ही माझं तोंडावर कधी कौतुक केलं नाहीत. एकदाच, मी रेघेवरून रेघेवर उडी मारून निश्चल उभी राहिले तेव्हा, तुम्ही नुसती मान हलवलीत. ती मान मी कितीतरी दिवस पुरवून वापरली.

भिंतीच्या कोपऱ्यात पाण्याची सिमेंटची टाकी होती, भिंतीहून हातभर उंच. तिच्यावर चढायचं नाही, असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कारण तिच्या कडेला बारा महिने ओल आणि शेवाळ. त्या दिवशी तुम्ही ऑफिसात मीटिंगला होतात. श्रावणातली दुपार, पाऊस नुकता थांबलेला. आम्हाला तुम्ही फक्त पायऱ्यांवर टाचा करायला सांगितलं होतं. दहावीच्या चार मुली येऊन बघत उभ्या राहिल्या आणि त्यांच्यातली एक म्हणाली, एवढंच येतं का तुम्हाला. बाई, मी टाकीवर चढले. शेवाळ दिसत होतं, ते टाळून कोरड्या जागेवर पाय ठेवला, टाकीवरून भिंतीवर झेप घेतली आणि रेघेवर यावं तशी नेमकी आले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी भिंतीवरून पुढे चालत गेले, मागे न बघता. माझ्या मागोमाग माझी मैत्रीण चढली होती, आमच्या शेजारच्या खोलीतली, जी माझं बघून सगळं करायची. तिला ती कोरडी जागा ठाऊक नव्हती. मी वळले ते तिचं ओरडणं ऐकून. ती खडीवर पडली होती आणि तिचा डावा हात कोपरापाशी भलत्याच बाजूला वळला होता.

तुम्ही धावत आलात. तिला हलवू दिलं नाहीत. वर्गातून लाकडी पट्टी मागवली, हात जसा होता तसाच आधाराला धरून कोणाच्या तरी ओढणीने बांधलात आणि रिक्षातून तिला दवाखान्यात नेताना सबंध वाटभर तिच्याशी कसल्यातरी गप्पा मारत होतात, असं ती मला पुढे सांगायची. जाण्यापूर्वी तुम्ही माझ्याकडे एकदाच बघितलंत. चिडलात की तुमच्या तोंडी गावची बोली यायची, ड-ढ चा र व्हायचा. "कनाला चरलीस गो तिथं?" कशाला चढलीस, एवढंच विचारलंत.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत माझ्या त्या मैत्रिणीचे वडील, दोन शिक्षक, तुम्ही, आणि दाराशी मी. हेडमास्तरांनी विचारलं की टाकीवर चढायला मुलींना कोणी सांगितलं. मी तोंड उघडलं होतं, बाई, हे मी शपथेवर सांगते. वाक्यही तयार होतं, बाईंनी नाही म्हणून सांगितलं होतं, मी चढले. पण तुम्ही माझ्याआधी बोललात. "चढायला मी शिकवलंय. मी जागेवर नव्हते. जबाबदारी माझी." हेडमास्तर म्हणाले, म्हणजे टाकीचंही तुम्हीच शिकवलंत? तुम्ही म्हणालात, "माझ्या मुली आहेत. जे येतं ते माझ्याकडूनच आलं." त्यानंतर बोलायला जागा होती. कितीतरी वेळ होती. पंखा फिरत होता. मी तोंड मिटलं.

बाहेर वऱ्हांड्यात तुम्ही मला थांबवलंत. मला वाटलं आता थोबाडीत बसेल, आणि बसली असती तर बरं झालं असतं. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "तू उडी चांगली मारलीस, मला त्या मुलींनी सांगितलं. पण तुझ्या मागे कोण येतंय ते तू बघितलं नाहीस. जी पुढे असते तिने मागे बघायचं असतं." मी रडायला लागले. तुम्ही मला रडू दिलंत, समजूत घातली नाहीत.

त्यानंतर भिंत बंद झाली. टाकीभोवती काटेरी तार आली. तुम्हाला कवायत घ्यायला सांगितलं, एक-दोन, एक-दोन, आणि तुम्ही ती घेतलीत, त्याच कॅनव्हासच्या बुटांत, नेहमीसारखी मन लावून. पुढच्या जूनमध्ये तुमची बदली झाली, बदलापूरला. जाण्याआधी तुम्ही मला बोलावून एक खोकं दिलंत. आत पांढरे कॅनव्हासचे बूट, उल्हासनगरच्या बाजारातून आणलेले, माझ्या मापाहून बोटभर मोठे. म्हणालात, पाय वाढतील. ते बूट मी पेटीत ठेवले. रोज ठरवायचे की बाईंना भेटून, हेडमास्तरांपुढे मी तोंड मिटलं ते कबूल करून, मग घालीन. बदलापूर किती लांब होतं, बाई? गाडीने एक स्टेशन. मी गेले नाही. दीड-दोन वर्षांनी पेटी उघडली तेव्हा पाय बुटांच्या पुढे गेले होते. आईने ते मावशीच्या मुलीला देऊन टाकले.

नव्वदनंतरच्या वर्षांत मी उल्हासनगरला एका कारखान्यात जीन्स शिवायच्या मशीनवर होते. कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीचा पहिला मजला. खाली कापडाचे तागे आणि तयार मालाचं गोडाऊन, वर आम्ही सात बायका. वर यायला एकच जिना, तोही गोडाऊनमधूनच. सेठ सिंधी, स्वभावाने वाईट नव्हता, दुपारी सगळ्यांना पापड वाटायचा. त्या दिवशी जेवण होऊन आम्ही मशीनवर परत बसलो होतो तेव्हा खाली वायर जळली. आधी वास आला, मग जिन्यातून काळा धूर वर यायला लागला, कापड जळतं तसा, घशाला चिकटणारा. बायका जिन्याकडे धावल्या आणि खोकत परत आल्या. मागच्या बाजूला एक सज्जा होता, गल्लीवरचा, त्याला गज नव्हते. एकीने तिथून उडी टाकायला पाय वर घेतला आणि मी तिचा दंड धरला.

त्या क्षणी मला जे आठवलं ते धाडस नव्हतं, बाई, हिशेब होता. सज्जा दोन पुरुष उंच. वरून उडी मारली तर घोटे, गुडघे, पाठ, काहीतरी जाणारच. पण हातांनी लटकलं तर आपली स्वतःची उंची आणि वर केलेला हात त्यातून वजा होतो, उरतं ते कमरेच्या वर थोडंसं. तुम्ही आमच्याकडून हे भिंतीवर किती वेळा करून घेतलं होतं. मी ओरडून सांगितलं, तोंड भिंतीकडे, पोट कडेवर, पाय खाली सोडा, दोन्ही हातांनी कड धरा, पूर्ण लटका, मग सोडा, गुडघे ताठ ठेवू नका. सज्ज्यात रचलेले पॅन्टींचे गठ्ठे आम्ही आधी खाली टाकले. गल्लीतली माणसं जमली होती, त्यांना हात वर करून उभं केलं. एकेक बाई अशी उतरली. प्रत्येकीच्या मनगटांवर माझे हात होते आणि प्रत्येकीला मी सोड म्हणेपर्यंत सोडू दिलं नाही.

सहावी होती धागे कापणारी एक सिंधी मावशी, साठीची, अंगाने भारी. ती सज्ज्यातच खाली बसली. "मुझसे नहीं होगा बेटी, तू जा," म्हणाली. धूर आता खोलीभर होता आणि माझेच डोळे मिटत होते. बायका खालून माझ्या नावाने हाका मारत होत्या. मला जाता आलं असतं. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "मावशी, मुझे पीछे देखना पड़ता है. आप पहले." ती काय समजली कोण जाणे, पण उठली. तिला पोटावर झोपवलं, पाय कडेबाहेर काढले, तिची मनगटं घट्ट धरली. ती लटकली तेव्हा माझा खांदा निखळतोय की काय असं वाटलं. खाली तिघांनी तिच्या पायांना आणि कमरेला आधार दिला, तेव्हा मी सोडलं. मग मी. तळहात सोलले होते, पण चवड्यावर उतरले आणि गठ्ठ्यांच्या बाजूला कोलांटी गेली ती आपोआप, खांद्यावरून कमरेवर. कोणीतरी विचारलं, "सर्कस में थी क्या?" मी म्हटलं, शाळेत होते. एकीचा घोटा मुरगळला होता, बाकी कोणाला काही झालं नव्हतं.

त्या रविवारी मी बदलापूरला आले. तळहातांना पट्ट्या होत्या. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा मला वाटलं होतं की तुमच्या दारात उभं राहायला माझ्याकडे काहीतरी आहे. शाळेच्या शिपायाला पत्ता विचारून, नदीकडच्या रस्त्याने घर शोधत आले. दार उघडलं ते तुमच्यासारख्याच चेहऱ्याच्या, पण पाठीत वाकलेल्या एका बाईने. तुमची बहीण. तिने सांगितलं, ताईला जाऊन आठ महिने झाले. पोटाचा आजार, फार दिवस अंथरुणाला नव्हती. शेवटच्या महिन्यातसुद्धा जमिनीवरून हात न टेकता उठायचा हट्ट करायची, एकदा जमलं नाही तेव्हा बराच वेळ तिथेच जमिनीवर बसून होती. मी उंबऱ्यात उभी होते. तिने विचारलं, तिच्या खूप मुली होत्या, तू त्यांतली कोणती? मी म्हटलं, अंबरनाथच्या शाळेतली. तशी ती एकदम जवळ आली. "हात मोरला व्हता ती पोर तूच का?"

मी हो म्हणाले.

तिने माझा डावा हात हातात घेतला, पट्टीला धक्का न लावता कोपर हळूच सरळ केलं, वाकवलं, परत सरळ केलं. म्हणाली, बरा झालाय की. ताईला लागून राहिलं होतं, पोरीचा हात नीट बसला की नाही म्हणून. मग तिने मला बसवलं, चहा दिला, माझ्या कोपरावरून पुन्हा एकदा हात फिरवला. ज्या मुलीचा तो हात होता ती लग्न होऊन गुजरातेत गेली होती, तिचा हात खरंच नीट बसला होता, एवढं मात्र मी खरं सांगू शकले असते. तेही सांगितलं नाही. आगीचं नाही, सज्ज्याचं नाही. चहा पिऊन उठले, आणि जाताना तुमची बहीण म्हणाली, येत जा. मी पुन्हा गेले नाही. आता तीही असण्याची शक्यता नाही, त्या जागी उंच इमारती झाल्यात, कोणती खिडकी तुमच्या दारावर आली हेही कळत नाही.

बाई, मला तुमची इतकी आठवण का येते, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. आई गेली, बाबा गेले, त्यांची आठवण येते ती पोट भरल्यासारखी येते, त्यांना जे द्यायचं ते देऊन झालं होतं. तुमची येते ती तशी येत नाही. रविवारी सकाळी एखादी मुलगी रेघेवर येऊन निश्चल उभी राहते आणि माझ्याकडे बघते, तेव्हा मी नुसती मान हलवते आणि डाव्या बाजूला बघते, जसं काही तिथे तुम्ही उभ्या आहात आणि तुम्हीही बघितलंत का एवढंच मला विचारायचं आहे. तिथे कोणी नसतं. मुली घाम पुसत असतात, पलीकडे कोणीतरी गाडी धूत असतो.

गेल्या रविवारी सराव संपल्यावर एका मुलीने विचारलं, काकी, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मग मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. पहिल्यांदाच. साडीवरचे बूट, पाठ करून डोळे मिटून ऐकणं, आईच्या समोरून ताट घेऊन उठणं, सगळं. मुलं मन लावून ऐकत होती. टाकीचंही सांगितलं, शेवाळाचं, मोडलेल्या हाताचं, तुम्ही ऑफिसात सगळं स्वतःवर घेतलंत त्याचं. एकाने विचारलं, मग ती पुढे गेलेली मुलगी कोण होती, ती काहीच बोलली नाही का? म्हणून आज हे लिहायला बसले. कुठे पाठवायचं नाही, वहीतच राहील.

मी त्यांना म्हटलं, होती एक मुलगी आमच्या वर्गात.